विश्लेषण : सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सांगणारे अर्न्स्ट आबे कोण होते?

भिंग कितीही निर्दोष घासले, तरी सूक्ष्मदर्शकातून एका मर्यादेपलीकडचे बारकावे दिसत नाहीत. हे गणिताने दाखवणारे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे अर्न्स्ट आबे.

गिरणी कामगाराचा मुलगा
आबे यांचा जन्म १८४० मध्ये आयझेनाख येथे झाला. वडील सूतगिरणीत राबत. गिरणीमालकाच्या मदतीने आबे शिकले आणि येना विद्यापीठात अध्यापक झाले.

मर्यादा कशी सापडली?
१८६६ पासून ते कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी काम करू लागले. तेथे भिंगे अंदाजाने जुळवली जात. आबे यांनी त्यामागचे गणित मांडले. १८७३ मध्ये त्यांनी दाखवले, की दोन ठिपक्यांतील अंतर तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून कमी असेल, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे ते वेगळे दिसत नाहीत. दृश्य प्रकाशासाठी हे अंतर सुमारे २०० नॅनोमीटर.

कामगारांसाठी काय केले?
झाइस यांच्या निधनानंतर आबे यांनी १८८९ मध्ये कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापन केले आणि कंपनीतील आपला हिस्साही पुढे त्यालाच दिला. १९०० मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू झाला. १९०५ मध्ये आबे यांचे निधन झाले.

आज त्या मर्यादेचे काय?
२०१६ मध्ये सिंगापूरमधील मानकेई त्सांग व सहकाऱ्यांनी पुंज सिद्धांताच्या आधारे नवा मार्ग दाखवला. प्रकाश कुठे किती पडला एवढेच न पाहता फोटॉनांची त्यांच्या तरंगरूपानुसार वर्गवारी करून मोजणी केली, तर अगदी जवळच्या दोन प्रकाशबिंदूंतील अंतरही काढता येते. आबे यांचे गणित चुकले नव्हते. प्रतिमा धूसर झाली, तरी प्रकाशातील माहिती शिल्लक असते. बदलली ती मोजण्याची रीत.