विश्लेषण : मन उलगडणाऱ्यावर देखरेख कोणाची? गिरींद्रशेखर बोस यांच्यापुढील पेच काय होता?

लातूर, नांदेडला शिकवणीसाठी घर सोडून आलेल्या मुलांमुळे ‘समुपदेशक’ हा शब्द पालकांच्या ओळखीचा झाला आहे. पण मुलाचे मन ऐकणाऱ्याचे काम कोण तपासते? मनोविश्लेषणात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला. भारतात तो सर्वांत आधी कोलकात्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांच्या वाट्याला आला.

गुरूविना सुरुवात कशी झाली?

बोस यांचा जन्म 1887 मध्ये दरभंग्याचा. वडील तिथल्या राजघराण्याचे दिवाण. 1910 मध्ये ते डॉक्टर झाले. संमोहनाचा नाद आधीपासून होताच. त्यातून मनोरुग्णांवर उपचार सुरू झाले. पुढे मानसशास्त्रात एम.ए. आणि 1921 मध्ये दमन या संकल्पनेवरील प्रबंधासाठी डॉक्टरेट. प्रबंधाची प्रत त्यांनी व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइड यांना धाडली. उत्तर आले आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार सुरू झाला. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही. 1922 मध्ये पारसीबागान लेनमधील घरी बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यताही मिळाली.

देखरेख म्हणजे नेमके काय?

त्याच सुमारास बर्लिनमध्ये मॅक्स आयटिंगन यांनी 1920 साली सुरू झालेल्या दवाखान्याभोवती शिक्षणाची घडी बसवली. उमेदवाराने आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यायचे, अभ्यासवर्ग करायचे आणि सुरुवातीचे रुग्ण ज्येष्ठाच्या देखरेखीखाली पाहायचे. ज्येष्ठ खोलीत बसत नाही. रुग्ण काय बोलला, आपण काय म्हणालो, कुठे चिडलो, कुठे भुललो, हे उमेदवार नंतर येऊन सांगतो. रुग्णाचे दुखणे कुठे संपते आणि ऐकणाऱ्याचे कुठे सुरू होते, हे एकट्याला दिसत नाही. हंगेरीत तर पहिल्या रुग्णाची देखरेख उमेदवाराच्या स्वतःच्या विश्लेषकानेच करावी, असा आग्रह होता. बर्लिनने ही दोन कामे वेगळी ठेवली.

कोलकात्यात अडचण कोणती?

बोस यांचे विश्लेषण करायला भारतात कोणीच नव्हते. देखरेख तर दूरच. जी काही झाली, ती टपालाने आणि तीही सिद्धांतापुरती. प्रत्येक इच्छेसोबत तिच्या उलट इच्छा मनात दडलेली असते, हा त्यांचा सिद्धांत फ्रॉइड यांना पुरता पटला नाही. भारतीय रुग्ण युरोपीय रुग्णांसारखे वागत नाहीत, हे बोस यांनीही कळवले. मतभेद राहिले, पण त्यांच्या खोलीत रुग्णाशी काय घडते हे पाहणारे कोणी नव्हते.

आणि शिष्यांसाठी? विश्लेषक तेच, शिक्षक तेच, संस्थेचे अध्यक्षही 1922 पासून अखेरपर्यंत तेच. रीतसर प्रशिक्षणाची सोय 1930 च्या सुमारास झाली, तरी इतक्या लहान वर्तुळात गुरूचे चुकले असे म्हणायचे कोणी? बोस हुकूमशहा होते, असा याचा अर्थ नाही. एकट्या माणसाने सुरू केलेल्या कामाची ती मर्यादा होती. मुंबईत 1938 मध्ये आलेले इटालियन विश्लेषक एमिलिओ सर्वाडिओ यांच्यामुळे कोलकात्याबाहेर दुसरा गट उभा राहू लागला.

पुढे काय?

1933 मध्ये बोस यांनी कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, 1940 मध्ये लुंबिनी पार्क रुग्णालय. 1953 मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेला पहिल्यांदाच दुसरा अध्यक्ष शोधावा लागला.