अण्णासाहेब किर्लोस्कर

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, ३१ मार्च १८४३, मृत्यू : २ नोव्हेंबर १८८५) हे मराठी नाटककार, नट व नाट्यशिक्षक होते. ते मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक मानले जातात.

पूर्वायुष्य
विष्णुदास भावे यांनी ज्या वर्षी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, त्याच वर्षी बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेबांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते पुण्यास आले. परंतु तेथे अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक लागले. अशा मंडळ्यांना ते पदे रचून देत. पुढे बेळगावात त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे तेथील विद्यार्थी होत. त्यानंतर ते पुण्यात महसूल खात्याच्या कचेरीत नोकरीस होते.

नाट्यकार्य
त्या काळी मराठी नाटकाचे दोन प्रवाह होते. पौराणिक खेळांत पदे सूत्रधार गाई व पात्रे आयत्या वेळी भाषणे करीत. त्यांना लिखित संहिता नसे. याउलट ‘बुकिश’ नाटकांत भाषणे ग्रंथबद्ध असत, पण संगीताला फारसे स्थान नसे. कालिदासाचे शाकुंतल अण्णासाहेबांच्या परिचयाचे होते. पुण्यात पारशी मंडळीचा संगीत खेळ पाहिल्यावर तसे नाटक मराठीत करण्याचे त्यांनी मनावर घेतले. वाचलेली संहिता आणि पाहिलेला प्रयोग यांच्या संयोगातून ‘संगीत शाकुंतल’ जन्मास आले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. यात पात्रे स्वतःच गात असत. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील व कर्नाटकी चाली यांचा त्यांनी मुक्तहस्ते उपयोग केला.

‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक १८८२ मध्ये रंगभूमीवर आले व पूर्ण नाटक १८८३ मध्ये झाले. १८८४ मध्ये ‘रामराज्यवियोग’चे तीन अंक सादर झाले, मात्र अण्णासाहेबांच्या अकाली निधनामुळे ते नाटक अपूर्णच राहिले.

महत्त्व
नाटकाचा काही भाग लिहावा, तो रंगभूमीवर आणावा आणि मग पुढील भाग पूर्ण करावा, असा क्रम त्यांच्या या नाटकांत दिसतो. त्यामुळे त्यांच्या नाटकांचा अभ्यास केवळ वाचनाने पुरा होत नाही. छापील प्रतीत पदाच्या वर चालीचा निर्देश असतो. ती चाल ठाऊक नसलेल्या वाचकाला पदाचा केवळ अर्थ कळतो. उलट, फक्त प्रयोग पाहणाऱ्याला गाण्याच्या भरात संवादांतील नर्मविनोद व कथानकाची बांधणी निसटण्याचा संभव असतो. सुभद्रेची घालमेल आणि कृष्णाचे कारस्थान समजण्यास संहिता व प्रयोग ही दोन्ही साधने आवश्यक ठरतात. अवघ्या पाच वर्षांच्या या कार्यातून उभी राहिलेली किर्लोस्कर नाटकमंडळी त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिली. भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांच्यासारखे गायकनट तिच्यातूनच नावारूपास आले.