जॅनेट ट्रॅव्हेल

जॅनेट ट्रॅव्हेल (१७ डिसेंबर १९०१ – १ ऑगस्ट १९९७) या अमेरिकन डॉक्टर आणि वैद्यकीय संशोधक होत्या. वेदना एका स्नायूत उद्भवते व दुसऱ्याच ठिकाणी जाणवते, या प्रकाराचा त्यांनी सखोल अभ्यास केला. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावरील भौतिकोपचारावर या अभ्यासाचा मोठा प्रभाव पडला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर म्हणून नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला होत.

जीवन व शिक्षण
ट्रॅव्हेल यांचा जन्म न्यू यॉर्क येथे झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. वेलस्ली महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९२६मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून वैद्यकीय पदवी मिळवली व पुढे तेथेच औषधशास्त्राचे अध्यापन केले. १९२९मध्ये जॉन पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली होत्या.

स्नायूवेदनेचे संशोधन
अनेक रुग्णांच्या खांद्याच्या व हाताच्या स्नायूंत ट्रॅव्हेल यांना दाबल्यावर दुखणारे छोटे बिंदू आढळले. असा बिंदू दाबला असता वेदना दूरवर उमटत असे. या बिंदूंना ट्रिगर पॉइंट म्हणतात. १९४२मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी स्नायूत प्रोकेन टोचून केलेल्या उपचाराची माहिती दिली. १९५२मध्ये सेमूर रिंझलर यांच्यासह त्यांनी निरनिराळ्या स्नायूंच्या वेदनेचे नकाशे प्रसिद्ध केले.

जबड्याच्या सांध्याचे दुखणे
१९६०मध्ये दंतवैद्यकाच्या नियतकालिकात त्यांचा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. जबड्याच्या सांध्यात जाणवणारी वेदना डोक्याच्या व मानेच्या स्नायूंतूनही येऊ शकते, असे त्यांनी त्यात मांडले. गालाच्या चर्वण स्नायूतील वेदना दाढांत किंवा कानात, कानशिलाच्या स्नायूतील वेदना वरच्या दातांत, तर पार्श्व पक्षाभ स्नायूतील वेदना थेट सांध्यात जाणवू शकते. हे लक्षात न आल्यास निरोगी दातावर उपचार होण्याचा धोका असतो.

हान्स क्राउस यांनी आधी वापरलेल्या इथिल क्लोराइडच्या थंड फवाऱ्याचा त्यांनी स्नायू ताणण्याशी मेळ घातला. वेदना पसरते त्या दिशेने त्वचेवर फवारा मारत स्नायू हळूहळू ताणला जातो. चर्वण स्नायूच्या बाबतीत त्यासाठी तोंड क्रमाक्रमाने उघडले जाते. फवाऱ्याने वेदनेची जाणीव मंदावते व स्नायू सैल पडण्यास मदत होते. त्यानंतर ओला शेक व जबड्याची हालचाल करवली जाते. दात आवळण्याची सवय, पुढे झुकलेली मान अशी कारणे दूर केल्याशिवाय आराम टिकत नाही, यावर त्यांचा भर होता.

राष्ट्राध्यक्षांच्या डॉक्टर
१९५५मध्ये पाठदुखीने त्रस्त असलेले सिनेटर जॉन एफ. केनेडी त्यांच्याकडे उपचारासाठी आले. ट्रॅव्हेल यांनी त्यांना प्रोकेनची इंजेक्शने दिली, बुटाची टाच उंचावून दिली व डुलती खुर्ची वापरण्यास सांगितले. १९६१मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांची नेमणूक झाली. मात्र इंजेक्शनांवरील भर व्हाइट हाउसमधील अन्य डॉक्टरांना मान्य नव्हता. त्याच वर्षी व्यायामोपचारासाठी क्राउस यांना बोलावण्यात आले. केनेडींच्या हत्येनंतर ट्रॅव्हेल १९६५पर्यंत लिंडन जॉन्सन यांच्या कार्यकाळातही पदावर होत्या.

ग्रंथलेखन व वारसा
१९६८मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ट्रिगर पॉइंटवरील ग्रंथाचा पहिला खंड १९८३मध्ये व दुसरा १९९२मध्ये निघाला. पहिल्या खंडात जबड्याच्या प्रत्येक प्रमुख स्नायूची तपासणी व उपचार सविस्तर दिले आहेत.

ट्रिगर पॉइंटचे नेमके स्वरूप अद्याप वादग्रस्त आहे. एकाच रुग्णात ते शोधताना दोन तपासनिसांचे एकमत होईलच असे नाही. तरीही स्नायूतून अन्यत्र पसरणाऱ्या वेदनेला जबड्याच्या विकारांच्या २०१४च्या आंतरराष्ट्रीय निदान निकषांत स्वतंत्र स्थान आहे. वयाच्या ९५व्या वर्षी मॅसेच्युसेट्स राज्यातील नॉर्दॅम्प्टन येथे ट्रॅव्हेल यांचे निधन झाले.