पडद्यामागचा रोगी : डॉक्टर लुडविग गुटमान यांचे चरित्र

पुणे शहराच्या जुन्या वस्तीत, कसबा पेठेत, तांबट आळी म्हणून एक आळी आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या तांब्यापितळेची भांडी घडविणारे कारागीर पाठ वाकवून हातोडा चालवीत आले. आळीतून जाणाऱ्यास ठोक्यांचा नाद ऐकू येतो. परंतु तो नाद उठविणाऱ्याच्या पाठीस काय सोसावे लागते, याचा विचार कोणी क्वचितच करितो. खेड्यांतील आमच्या वाचकांस तर हे वेगळे सांगावयास नको. लावणी, कापणी, लाकडांच्या मोळ्या आणि डोक्यावरचे हंडे यांनी ज्या घरात कोणाची पाठ धरली नाही, असे घर विरळाच.

हे दुखणे आपण सोसतो. परंतु कोणी झाडावरून, गाडीवरून अथवा कोरड्या विहिरीत पडून त्याचा कणाच मोडला आणि पाय लुळे पडले, म्हणजे सर्वांचाच धीर सुटतो. आपल्या भाषेत कंबर मोडणे याचा अर्थच मुळी धीर खचणे असा होऊन बसला आहे. अशा मनुष्यास घरातील एका कोपऱ्यात निजवितात, आणि त्याचे दिवस भरले असे समजून शेजारीपाजारी भेटून जातात. मोठ्या देशांतील मोठे डॉक्टरही एके काळी असेच समजत असत. हा समज ज्या पुरुषाने खोटा ठरविला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

लुडविग गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी त्या वेळच्या जर्मनीतील तोस्त या लहान गावी एका यहूदी कुटुंबात झाला. आता तो मुलूख पोलंड देशात मोडतो. त्यांचे बालपण दगडी कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात गेले. पहिले महायुद्ध चालू असता, १९१७ साली, हा अठरा वर्षांचा तरुण खाणकामगारांच्या इस्पितळात मदतनीस म्हणून काम करू लागला. तेथे एके दिवशी पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार आणण्यात आला. डॉक्टरांनी त्यास तपासले, प्लास्टरमध्ये जखडले आणि इतर रोग्यांपासून वेगळे करण्यासाठी त्याच्या खाटेभोवती पडदा लावविला. लुडविग त्याची हकीकत टिपून घेऊ लागला, तेव्हा हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, याजवर श्रम करू नको, असे त्यास सांगण्यात आले. आणि झालेही तसेच. पाचव्या आठवड्यात, अंगात विष भिनून, तो मनुष्य मरण पावला. तो पडदा मात्र लुडविगच्या डोळ्यांपुढून पुढे कधीच हालला नाही.

तो कामगार कशाने मेला, हे येथे समजून घेतले पाहिजे. कारण पुढील सर्व कथेचे मर्म यातच आहे. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ होय. त्या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो, आणि त्याच्याच द्वारे मेंदूचा हुकूम पायांस व पायांची खबर मेंदूस पोहोचते. हाड मोडले तर ते सांधते. परंतु मज्जारज्जू पुरता चिरडला तर तो पुन्हा जोडणारे औषध आजतागायत सापडलेले नाही. इजेच्या खालचे अंग हलत नाही, त्यास स्पर्श कळत नाही, आणि लघवी व शौच यांवरचा ताबा जातो.

तथापि एवढ्याने मनुष्य मरत नाही. त्यास मारतात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी. निरोगी मनुष्य झोपेतही कूस बदलतो, कारण एकाच बाजूवर भार पडला की ते अंग दुखू लागते. ज्यास दुखतच नाही, तो हलत नाही; मग माकडहाड, नितंब व टाचा यांवरील मांस दबून तेथे रक्त पोहोचेनासे होते आणि ते कुजू लागते. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. तुंबलेली लघवी नासते आणि तिचे विष मूत्रपिंडांत चढते. तात्पर्य, पडद्यामागे जो मेला तो मोडक्या कण्याने मेला नाही. कोणी कूस न पालटल्याने व कोणी स्वच्छता न राखल्याने मेला. हे गुटमान यांस कळून चुकले. परंतु ते करून दाखविण्याची संधी येण्यास सत्तावीस वर्षे लागावयाची होती.

गुटमान यांनी वैद्यकीचा अभ्यास पुरा करून १९२४ साली पदवी मिळविली आणि ब्रेस्लाउ शहरी फर्स्टर या नामांकित मज्जातज्ज्ञाच्या हाताखाली ते काम शिकले. त्यांची कीर्ती वाढत असता १९३३ साली हिटलरचे राज्य आले, आणि यहूदी म्हणून त्यांची जागा काढून घेण्यात आली. मग ते त्याच शहरातील यहूद्यांच्या इस्पितळात काम करू लागले व पुढे त्याचे मुख्य झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर यहूद्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली व पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्या रात्री जो कोणी दारी येईल त्यास काही एक न विचारता आत घ्यावे, असा हुकूम गुटमान यांनी दिला. सकाळी सरकारचे गुप्त पोलीस झडती घेण्यास आले. एका रात्रीत चौसष्ट रोगी कसे वाढले, असा त्यांचा सवाल होता. गुटमान त्यांस खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येकाचा काही ना काही भयंकर रोग त्यांनी वर्णन करून सांगितला. चौसष्टांपैकी साठ जण वाचले. ज्या राष्ट्रात हे घडले तेथील बहुसंख्य लोक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, ही गोष्ट आम्ही खाली मान घालूनच लिहितो.

१९३९ च्या मार्च महिन्यात पत्नी एल्से व दोन लहान मुले यांसह गुटमान इंग्लंडास निर्वासित म्हणून आले. ऑक्सफर्ड येथे त्यांस आसरा मिळाला. काम संशोधनाचे होते. परंतु ज्याचे हात रोग्यांच्या सेवेस सरावलेले, त्यास केवळ प्रयोगशाळेत चैन कोठून पडणार? पुढे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोठी चढाई करण्याचे ठरले. कणा मोडलेले सैनिक पुष्कळ येतील हे ओळखून सरकारने त्यांच्यासाठी निराळे केंद्र काढण्याचा बेत केला. हे काम घेण्यास फारसे कोणी राजी नव्हते, कारण त्यात यश नाही अशी सर्वांची खात्री होती. गुटमान यांनी एकच अट घातली की, रोग्यांची व्यवस्था आपल्या पद्धतीने करू द्यावी. याप्रमाणे १ फेब्रुवारी १९४४ रोजी आयल्सबरी गावाजवळील स्टोक मँडेव्हिल इस्पितळात सव्वीस खाटांचे केंद्र उघडले.

त्यांची पद्धत कोणती, असे वाचक विचारतील. तीत जादू नव्हती. जे रोगी प्लास्टरमध्ये जखडून येत, त्यांचे प्लास्टर ते काढून टाकीत, कारण त्याच्या आत मांस सडत असे. प्रत्येक रोग्यास दिवसा व रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवावयाचे, आणि हाडांच्या उंचवट्यांवर भार पडू नये म्हणून उशा लावावयाच्या, असा नियम होता. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास ते स्वतः मध्यरात्री खोल्यांतून फिरत. लघवी काढण्याची रबरी नळी घालण्याचे काम हलके समजून दुसऱ्यावर टाकिले जात असे; ते त्यांनी डॉक्टरांच्या हाती दिले व स्वच्छतेचा कडक नियम घातला. पेनिसिलीन त्याच सुमारास मिळू लागले होते, त्याचीही मदत झाली. परंतु दोन तासांचे घड्याळ नसते तर नुसत्या औषधाने काय झाले असते? पडद्यामागे मरणारे लोक जगू लागले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. जगलेल्या मनुष्यास अंथरुणात पडून राहू देणे त्यांस मान्य नव्हते. हात शाबूत आहेत तर हातांनी काम झालेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. कोणास सुतारकाम, कोणास घड्याळदुरुस्ती, कोणास टंकलेखन असे धंदे त्यांनी शिकविले. पुष्कळ रोगी प्रथम रागावत, रडत, भिंतीकडे तोंड करून पडत. गुटमान मोठे कडक होते. कोणाचे रडगाणे फार वेळ ऐकून घेत नसत. तरी तेच रोगी त्यांस मायेने बाबा म्हणू लागले.

एकदा रोगी चाकांच्या खुर्च्यांत बसून काठ्यांनी पोलोसारखा खेळ खेळताना त्यांस दिसले. खेळाने खांदे व छाती बळकट होतात, आणि मनुष्य आपले दुःख घटकाभर विसरतो, हे त्यांनी हेरले. पुढे त्यांनी धनुष्यबाण आणविले. २९ जुलै १९४८ रोजी लंडन शहरी जगाचे ऑलिंपिक सामने उघडले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या चौदा पुरुषांनी व दोन स्त्रियांनी तिरंदाजीचा सामना खेळला. लोकांस ते कौतुक वाटले असेल. परंतु १९६० साली रोम शहरी हेच सामने भरले तेव्हा २३ देशांतून सुमारे ४०० खेळाडू आले. आज ज्यांस पॅरालिंपिक म्हणतात ते सामने या सोळा जणांच्या खेळातून वाढले आहेत.

१९६६ साली इंग्लंडच्या राणीने गुटमान यांस सर हा किताब दिला. इस्पितळातून निवृत्त झाल्यावरही त्यांनी हे काम सोडले नाही. १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचा देहान्त झाला.

या कार्याचा ओघ आपल्या महाराष्ट्रापर्यंत कसा पोहोचला, हेही सांगितले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या, पैकी एक कण्यात रुतली व कंबरेखालचे अंग लुळे पडले. पुढे ते पोहण्यास शिकले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या सामन्यांत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकिले. पॅरालिंपिकमध्ये भारतास मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय. ज्या देशातून गुटमान यांस पळावे लागले, त्याच देशात, त्यांच्या हयातीत, एका मराठी सैनिकाने ते मिळविले. दोनच वर्षांनी, १९७४ साली, कसबा पेठेपासून काही मैलांवर, खडकी येथे, कणा मोडलेल्या सैनिकांसाठी एक पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. तेथील सैनिक धंदे शिकतात व चाकांच्या खुर्चीतून खेळ खेळतात; ज्यांचे हातही गेले, त्यांच्यापैकी काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढितात.

आता आमच्या वाचकांकडे वळू. पक्षघाती मनुष्यास खाटेवर घालून आणणाऱ्या चौघांची गोष्ट तुम्हांस लहानपणापासून ठाऊक आहे. त्या चौघांनी त्यास बसते करून ओढीत आणिले नाही, खाटेसह उचलिले. तुमच्या गावी कोणी उंचावरून पडला व पाठ अथवा मान दुखते किंवा पाय हलत नाहीत असे म्हणू लागला, तर त्यास उठवून बसवू नका, पाठीवर घेऊन धावू नका. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. हलविल्यावाचून गत्यंतरच नसेल तर मान, पाठ व कंबर एका रेषेत ठेवून चौघापाचांनी एकदम सपाट फळीवर अथवा दारावर घ्या.

इस्पितळातून तो लुळ्या पायांनी घरी आला तर त्यास कोपऱ्यात टाकू नका. अंथरुणात दर दोन तासांनी त्याची कूस पालटा. दिव्याच्या उजेडात रोज त्याची पाठ, नितंब व टाचा पाहा. कातडी लाल दिसली तर त्या बाजूवर निजवू नका. नळीची रीत डॉक्टरांकडून नीट शिकून घ्या. आणि त्याच्या हातांस काम द्या.

साध्या पाठदुखीविषयीही दोन शब्द. ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते. तिच्यासाठी दिवसेंदिवस निजून राहू नये, सोसेल तितके हिंडावे. परंतु पायांत अशक्तपणा आला, मांड्यांच्या आतील बाजू बधिर झाली, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. पाठदुखीबरोबर ताप येऊन शरीर वाळत चालले असेल, तर मणक्यांचा क्षय झाला असण्याचा संभव असतो. तो औषधाने बरा होतो, मात्र विलंब लावू नये.

गुटमान यांस तुटलेला मज्जारज्जू जोडता आला नाही. त्यांनी एवढेच केले की, खाटेभोवतीचा पडदा काढिला आणि रात्री दोन वाजता उठून रोग्याची कूस पालटविली. हे काम करण्यास मोठी विद्या लागत नाही. तुमच्या आळीत, तुमच्या वाडीत असा कोणी पडद्यामागे निजला आहे काय? आज सायंकाळी त्याच्या घरी जा, आणि रात्रीच्या एका पाळीचे काम आपल्याकडे मागून घ्या.