डॉ. आनंदीबाई जोशी : विद्या आणि आरोग्य

आमच्या नेसरीच्या खिंडीचे नाव निघाले की १६७४ साली येथे धारातीर्थी पडलेले सरसेनापती प्रतापराव गुजर व त्यांचे सोबती डोळ्यांपुढे उभे राहतात. येथील मुलांस साहस म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. परंतु रणांगणावर क्षणार्धात प्राण वेचणे हा साहसाचा एक प्रकार झाला. विद्येसाठी वर्षानुवर्षे कष्ट सोसणे हा दुसरा. ह्या दुसऱ्या साहसास शरीर व मन दोन्ही दीर्घकाळ साथ देणारी हवीत. हे ज्यांच्या चरित्रावरून कळते त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची हकीकत आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याण येथे गेले. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते व वयाने पुष्कळच मोठे होते. बायकोस शिकवावयाचेच असा त्यांचा हट्ट होता. मात्र तो हट्ट इतका कडक की अभ्यास चुकल्यास ते हात उगारण्यासही मागेपुढे पाहत नसत. बदल्यांमुळे हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, पुढे बंगाल असे फिरत राहिले. शाळेस जाणाऱ्या विवाहित मुलीकडे लोक बोटे दाखवीत व टवाळी करीत. घरी धाक आणि बाहेर उपहास, अशा दुहेरी ओझ्याखाली ती मुलगी शिकत होती.

चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. स्त्रियांच्या व अर्भकांच्या आजारात जाणत्या उपचाराचा अभाव किती घातक असतो हे त्यांनी स्वतःच्या दुःखातून जाणले, आणि आपण डॉक्टर व्हावे ही इच्छा त्यांच्या मनात रुजली. ज्या शोकाने एखादे मन कायमचे खचले असते, त्यास त्यांनी आयुष्याच्या कार्याचे रूप दिले.

अमेरिकेची वाट उघडली ती कोल्हापुरातून. १८७८ मध्ये तेथे असताना गोपाळरावांनी रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे पत्र पाठवून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. कोल्हापूर मिशनचे संस्थापक असलेले वाइल्डर तेव्हा अमेरिकेत प्रिन्स्टन येथे एक मासिक चालवीत असत. त्यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता तो अंक चाळला, आणि त्या अनोळखी मुलीबद्दल त्यांच्या मनात कळवळा उत्पन्न झाला. पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. कोणाजवळ मन मोकळे करावे असे एक माणूस त्यांस सातासमुद्रांपलीकडे लाभले.

बंगालमध्ये असतानाच आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली होती. अशक्तपणा, नित्याची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप असे त्रास होत. मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली, पण गुण आला नाही. तशाही स्थितीत, १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे जाहीर सभेत आपण का जातो हे निर्भयपणे सांगून, त्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. वय अठरा, सोबतीस पती नव्हते. धर्म व आहार यांत बदल करणार नाही हा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत पाळला. आम्ही ख्रिस्ती असलो तरी त्या निष्ठेविषयी आम्हांस आदरच वाटतो.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. तेथील कडाक्याची थंडी व अपरिचित अन्न यांनी आधीच दुबळे झालेले शरीर अधिक खंगले. तरीही अभ्यासात खंड पडला नाही. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र ह्या विषयावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी संपादन केली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

त्याच वर्षी कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. हेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आपल्याकडील कितीतरी माता व मुले त्यांच्या हातून बरी झाली असती! परंतु देवाच्या मनात निराळे होते. क्षयाने जर्जर होऊन त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठविण्यात आल्या व अमेरिकेत पोकीप्सी येथे त्यांस विसावा मिळाला.

मुलीने शिकावे तर असे होते, असा अर्थ ह्या मरणातून काढणारे लोक नेहमीच असतात. हा अर्थ साफ खोटा आहे. क्षय हा जंतूंपासून होतो हे रॉबर्ट कॉक यांनी १८८२ मध्येच दाखविले होते. विद्येने तो होत नाही, पापाने होत नाही आणि समुद्र ओलांडल्यानेही होत नाही. अपुऱ्या पोषणाने व अशक्ततेने मात्र त्यास शरीरात फावते. त्या काळी त्यावर रामबाण औषध नव्हते. विश्रांती, सकस अन्न व मोकळी हवा एवढाच आधार असे. मिरजेजवळ वान्लेसवाडी येथे मिशनने पुढे आरोग्यधाम उभारले ते ह्याच तत्त्वावर. स्ट्रेप्टोमायसिन हाती आले ते १९४३ मध्ये, तेही मावशींच्याच न्यू जर्सी प्रांतात. आज सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध मोफत मिळते आणि ते नेमाने पुरे घेतल्यास बहुतेक रोगी बरे होतात. आनंदीबाईंस जे मिळू शकले नाही ते आपल्या दाराशी आले आहे. मग आपण दुखणे लपवून ठेवावे काय?

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आनंदीबाईंचे धैर्य घ्या. परंतु दुखणे अंगावर काढण्याची वेळ तुमच्यावर येऊ देऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, रोजचा बारीक ताप, घटते वजन यांकडे डोळेझाक करू नका. परीक्षेसाठी झोप व जेवण यांस कात्री लावणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय. आणि मन उदास राहिले, अभ्यासात लागेनासे झाले, धाक वा टवाळी असह्य झाली, तर तेही दुखणेच समजा. ते आईवडिलांस, शिक्षकांस, नाहीतर विश्वासाच्या एखाद्या मावशीस सांगा. सांगण्यात कमीपणा नाही. पालकांनी व आम्हां शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे की धाकाने पाठांतर होते, पण त्या धाकाखाली मूल आपले दुखणे सांगावयाचे बंद करते.

कोल्हापूरच्या त्या इस्पितळात आनंदीबाई कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांच्यासारख्या स्त्रियांनी तेथे रोग्यांची सेवा केली. वाट एकीने पाडली, चालल्या दुसऱ्या. तुम्हांपैकी ज्यांस त्या वाटेने जावयाचे असेल त्यांनी दीर्घकाळ चालता येईल अशा बेताने शरीर व मन राखावे. परमेश्वराने दिलेल्या ह्या ठेवी आहेत. त्या जतन करणे हे विद्याभ्यासाइतकेच आपले कर्तव्य आहे.