ग्लेनकोलमकिलचे फादर मॅकडायर

आयर्लंडच्या वायव्येस, डोनेगल परगण्यांत, अटलांटिक महासागराच्या अगदीं कांठावर ग्लेनकोलमकिल नांवाचें एक लहानसें खेडें आहे. सहाव्या शतकांतील संत कोलंबा यांच्यावरून त्या दरीस हें नांव पडलें. त्यांच्या सणाच्या दिवशीं, ९ जूनला, भाविक मंडळी दरींतील पंधरा ठिकाणीं थांबत प्रदक्षिणा करितात. जुन्या वहिवाटीप्रमाणें ती अनवाणी करावयाची. गांवास श्रद्धेची उणीव कधींच नव्हती. उणीव होती ती पोटापाण्याची.

१९५१ सालीं फादर जेम्स मॅकडायर तेथें साहाय्यक धर्मगुरु म्हणून आले. त्यांचा जन्म १९१० सालीं ह्याच परगण्यांत, ग्लेंटीजनजीक झाला. १९३७ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. महायुद्धाच्या काळांत ते इंग्लंडांत होते व नंतर टोरी बेटावर. परमुलखांत राबणारे आपले देशबांधव त्यांनीं जवळून पाहिले होते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ग्लेनकोलमकिलांत तेव्हां वीज नव्हती, नळाचें पाणी नव्हतें, पक्के रस्ते नव्हते. कारखाना तर नव्हताच. तरुण मंडळी स्कॉटलंड, इंग्लंड व अमेरिकेची वाट धरीत आणि बहुधा परतत नसत. गांवांत लग्नें कमी, म्हणून बाप्तिस्मेहि कमी. धर्मग्रामाचीं दप्तरें वर्षानुवर्षें लिहिणाऱ्या आम्हांस याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

फादरांनीं आरंभीं गांवकऱ्यांच्याच अंगमेहनतीनें सभागृह उभारलें. मग वीज, पाणी व रस्ते यांसाठीं सरकारदरबारीं खेटे घातले. १९६२ सालीं सहकारी तत्त्वावर भाजीपाला टिकविण्याचा उद्योग निघाला. पण तो धड चालला नाहीं, व पुढें तेथील भांडवल व मेहनत मासळीकडे वळली. सर्वांच्या जमिनी एकत्र करून कसाव्या, ही त्यांची योजना तर मुळांतच खुंटली. तिच्यापायीं कांहींनीं त्यांस साम्यवादी ठरविलें. आमच्या मतें हा आरोप पोकळ होता. डोंगरावरचें चतकोर शेत एकट्यानें कसूं पाहणारा शेवटीं बोटच गांठतो, एवढाच त्यांचा हिशेब होता.

त्यांचें जें काम टिकलें तें १९६७ सालचें. अठराव्या, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील गरिबांची राहणी दाखविणारीं तीन गवती छपराचीं घरें त्यांनीं बांधविलीं. आंतील भांडींकुंडीं, अवजारें व चरखे गांवकऱ्यांनींच आपापल्या घरांतून आणून दिले. हें लोकजीवनाचें संग्रहालय पाहावयास परगांवचे लोक येऊं लागले. त्यांच्या मुक्कामासाठींहि छपराचीं घरें उठलीं.

१९७१ सालीं ते तेथील प्रमुख धर्मगुरु झाले. गांवची गळती त्यांच्या हयातींत पुरती थांबली नाहीं. १९८२ सालीं त्यांनीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें आणि २५ नोव्हेंबर १९८७ रोजीं ते प्रभुघरीं गेले. तीं घरें गांवकरी आजहि स्वतः चालवितात.