विल्यम वेबर कोब्लेंट्झ
विल्यम वेबर कोब्लेंट्झ (२० नोव्हेंबर १८७३ – १५ सप्टेंबर १९६२) हे अवरक्त वर्णपटशास्त्राचा पाया घालणारे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म ओहायो राज्यातील नॉर्थ लिमा येथे झाला. १९०३ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. १९०५ ते १९४५ या काळात ते वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत कार्यरत होते.

कोब्लेंट्झ यांनी शंभराहून अधिक पदार्थांचे अवरक्त वर्णपट तपासले. त्यांत अनेक खनिजे होती. स्वयंचलित उपकरणे नसल्यामुळे प्रत्येक तरंगलांबीचे मापन स्वतंत्रपणे हाताने करावे लागे. जिप्समसारख्या खनिजांतील स्फटिकजल वर्णपटात पाण्याचे शोषणपट्टे उमटवते, तर हायड्रॉक्सिल गट असलेल्या खनिजांत ते तसे दिसत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. रसायनशास्त्रज्ञांनी मात्र या संशोधनाकडे दीर्घकाळ फारसे लक्ष दिले नाही.

पुढे हाच भेद सुवर्णशोधात उपयोगी ठरला. सोन्याचा स्वतःचा शोषणपट्टा आढळत नाही. परंतु सोने वाहून आणणाऱ्या उष्ण द्रवांमुळे भोवतालच्या खडकांत अ‍ॅल्युनाइट, केओलिनाइट, अभ्रक यांसारखी हायड्रॉक्सिलयुक्त खनिजे तयार होतात. सुमारे २.२ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळील शोषणावरून ती ओळखून भूवैज्ञानिक खोदकामाची जागा ठरवतात.